किती चाळलं, किती गवसलं

साताऱ्याच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या दफ्तरात रोजचा व्यवहार रोजकीर्दीत उतरायचा. ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं, मितीवार, एकाखाली एक. कीर्द लिहायला सोपी असते. लेखणी उचलायची आणि शेवटच्या ओळीखाली लिहायचं. अडचण येते ती शोधताना. एखाद्या देवस्थानाला गेल्या दहा वर्षांत वर्षासन किती पोचलं, असं कुणी विचारलं, तर दहा वर्षांच्या वह्या पानन् पान उलटाव्या लागतात. म्हणून कीर्दीच्या शेजारी खतावणी असते. तिथे प्रत्येकाचं खातं वेगळं, आणि कीर्दीतल्या नोंदीसमोर खातेपानाचा आकडा. पेढ्यांवर आणि गावोगावच्या विकास सोसायट्यांत ही जोडी अगदी अलीकडेपर्यंत नांदत होती. एकच रक्कम दोनदा लिहायची मेहनत कारकून आधीच करून ठेवायचा, कारण पुढे शोधताना ती अनेकपटीनं वसूल व्हायची. गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर महाराजांच्या आणि पेशव्यांच्या रोजकीर्दींतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापून निघाले, तेव्हा तेही विषयवार लावावे लागले. मितीवार ठेवले असते तर अभ्यासकांच्या कामी आले नसते.

हीच शोधाशोध आज डेटाबेस करतो, आणि तो सांभाळायला नव्यानं बसलेल्या माणसासमोर पहिल्याच दिवशी आकड्यांची भिंत उभी राहते. क्वेरीला लागलेला वेळ, तपासलेल्या ओळी, वाचलेली पानं, कॉस्ट, कॅशमधून मिळालेल्या पानांची टक्केवारी, लॉकसाठी थांबलेला वेळ, पंच्याण्णवावं शतमान. सगळे आकडे एकाच पडद्यावर आणि एकाच आकाराच्या अक्षरात असतात, त्यामुळे ते एकाच घराण्यातले वाटतात. तसे ते नाहीत. त्यांची दोन वेगळी घराणी आहेत. एक कष्टाचा हिशोब ठेवतं: उत्तर शोधायला किती चाळावं लागलं. दुसरं वाट पाहण्याचा हिशोब ठेवतं: विचारणारा किती ताटकळला. ही दोन घराणी वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या लोकांच्या गरजेतून जन्मली आणि फार उशिरा एकत्र आली. कुठला आकडा कुठल्या घरचा आहे हे कळलं, की अर्धी भिंत आपोआप वाचता येते. आमच्या सातारा-सांगलीकडच्या बँका, पतसंस्था, साखर कारखाने आणि तहसील कचेऱ्यांमध्ये हे काम शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हा मागोवा लिहितो आहे.

कष्टाच्या हिशोबाचा एक मोठा धडा आपल्याच दफ्तरात आहे. इंग्रजांनी १८४३ मध्ये दक्षिण मराठा मुलखात इनामांची चौकशी सुरू केली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार दिले. प्रत्येक दाव्यामागे प्रश्न एकच असे: ही जमीन कुणाला, कुणी, कधी दिली, आणि सनद खरी आहे का? त्या प्रश्नाचं उत्तर पुण्याच्या दफ्तरात शोधायचं, म्हणून तिथले कागद जमिनीच्या आणि महसुलाच्या अंगानं लावले गेले. पुढे इतिहासकार आले ते वेगळे प्रश्न घेऊन. पानिपताआधी कोण कुठे होतं, कुणी कुणाला काय लिहिलं. त्या प्रश्नांना ती मांडणी उपयोगाची नव्हती. पेशवे दफ्तरात सुमारे ३५,००० रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, आणि एकेका गठ्ठ्यात शेकड्यांनी कागद. गोविंद सखाराम सरदेसायांनी सहकाऱ्यांना घेऊन त्यातून वेचे काढले आणि १९३० ते १९३४ या काळात त्यांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. एका प्रश्नासाठी लावलेल्या दफ्तराला दुसरा प्रश्न विचारला की माणसाला रुमाल सोडत बसावं लागतं. डेटाबेसमध्ये हेच रोज घडतं. इंडेक्स, म्हणजे डेटाबेसमधली खतावणी, कुठल्या तरी ठरावीक प्रश्नासाठी बांधलेला असतो. वेगळा प्रश्न आला की यंत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचत जातं.

गावच्या जमिनीच्या कागदांत हे फार शहाणपणानं सोडवलेलं आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ मध्ये आला. आज चालू असलेले गाव नमुने १९७१ च्या नियमांप्रमाणे ठेवले जातात. नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. घडलेले बदल एकामागून एक, चढत्या क्रमांकानं, ही कीर्दच. सात-बारा गटवार असतो, म्हणजे जमिनीचा क्रमांक सांगा, मालक आणि पीक पाहा. आठ-अ खातेदारवार असतो, म्हणजे माणूस सांगा, त्याची गावातली सगळी जमीन पाहा. सात-बाऱ्यावर फेरफाराचे क्रमांक लिहिलेले असतात, तीच खातेपानाची खूण, फक्त उलट दिशेनं. एकाच माहितीकडे जायला तीन वाटा, आणि तीन वाटा कारण शेतकरी येऊन तीन तऱ्हेनं विचारतो. कुठल्याही टेबलवर इंडेक्स किती असावेत हा प्रश्न मला कुणी विचारला तर मी आधी आठ-अ दाखवतो. एका फेरफारापायी सात-बारा आणि आठ-अ दोन्ही दुरुस्त करावे लागतात, ही तलाठ्याची जादा मेहनतही त्याच वेळी दाखवतो. प्रत्येक नव्या इंडेक्सनं लिहिणं थोडं जड होतं.

भूमी अभिलेख संगणकावर आणण्याची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि महाराष्ट्रातून तिच्यात वर्धा होता. आपल्या भागात १९९८ च्या वारणा प्रकल्पानं वारणानगरभोवतीच्या कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत संगणक नेले. ऊसनोंद, वजन, बिल हे सगळं गावातल्या केंद्रावर पाहता यावं ही कल्पना होती. कागद यंत्रात गेले. पण यंत्राच्या आत काय होतं, याचा हिशोब ठेवायला जग त्याआधीच शिकलं होतं, आणि ते शिकणं अमेरिकेत झालं होतं.

साठच्या दशकातल्या डेटाबेसमध्ये वाट माणूस ठरवायचा. चार्ल्स बाखमन यांच्या पद्धतीत एक नोंद दुसरीकडे बोट दाखवते आणि प्रोग्रामर त्या बोटांमागून चालत जातो. १९७३ च्या ट्युरिंग व्याख्यानात त्यांनी प्रोग्रामरला खलाशाच्या जागी कल्पिलं, जो स्वतः मार्ग काढतो. मार्ग स्वतः काढलेला असला की त्याचा खर्च वेगळा मोजायची गरज भासत नाही, कारण चालणाऱ्याला तो ठाऊकच असतो. जून १९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी उलट मांडणी केली. माणसानं फक्त काय हवं ते सांगावं. कसं आणायचं ते यंत्र पाहील. आजची सगळी एसक्यूएल याच विचारातून निघाली. पण वाट यंत्रानं निवडायची म्हटल्यावर यंत्राला दोन वाटांची तुलना करता यायला हवी, आणि तुलनेला माप हवं. क्वेरीच्या मोजमापाचा जन्म इथे झाला. त्या काळी ते माणसाला दाखवायचं आहे असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. यंत्रानं स्वतःसाठी ठेवायचा तो हिशोब होता.

त्याच सुमारास, १९७० मध्ये, बोइंगच्या प्रयोगशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी बी-ट्री बांधलं. लेख १९७२ मध्ये छापून आला. खतावणीचं हे यंत्रातलं रूप. १५,००० नोंदींच्या सूचीवर सेकंदाला सरासरी ९ व्यवहार आणि १,००,००० नोंदींच्या सूचीवर निदान ४ व्यवहार झेपतात, असा आकडा त्यांनी दिला. आज हा वेग पाहून हसू येईल, पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. नोंदी साडेसहापटींनी वाढल्या आणि वेग निम्म्याच्या आसपास आला. सगळं चाळणाऱ्या पद्धतीत तो साडेसहापटींनीच घटला असता. इंडेक्सची सगळी किंमत या फरकात आहे.

मग १९७९. आयबीएमच्या सिस्टीम आर प्रकल्पातल्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी यंत्र वाट कशी निवडतं ते लिहिलं. सूत्र एका ओळीचं होतं: डिस्कवरून आणलेली पानं, अधिक ओळी हाताळण्याचं काम एका वजनानं गुणून. या दोन गोष्टींची बेरीज म्हणजे कॉस्ट. किती ओळी मिळतील हे आधी माहीत नसतं, म्हणून अंदाज. माहितीच नसेल तर त्यांनी ठोकताळे ठरवले: 'अमुक इतकंच' अशी अट असेल तर दहावा हिस्सा, 'अमुकपेक्षा जास्त' असेल तर तिसरा, 'या दोहोंच्या मध्ये' असेल तर चौथा. हे आकडे कुठल्या सिद्धान्तातून आलेले नव्हते, काम चालावं म्हणून धरलेले होते. आजच्या बहुतेक डेटाबेसच्या पोटात याच घराण्याचं रक्त आहे.

आता एक उदाहरण जवळून पाहू. समजा, एका तालुक्याच्या फेरफारांचं टेबल पोस्टग्रेसमध्ये आहे. ओळी ८ लाख. ८ केबीच्या एका पानात सुमारे ५० ओळी मावतात, म्हणजे पानं १६,०००. प्रश्न असा: अमक्या गावच्या गट क्रमांक २१४ चे सगळे फेरफार दाखव. एक्स्प्लेन ॲनालाइझ लावून विचारलं, आणि यंत्रानं काम वाटून न देता एकट्यानं केलं, तर क्वेरी प्रत्यक्ष चालते, पण उत्तराऐवजी तिचा हिशोब येतो. पद्धत: सिक्वेन्शियल स्कॅन. मिळालेल्या ओळी ११. अटीत न बसल्यानं गाळलेल्या ओळी ७,९९,९८९. नव्या माणसानं या शेवटच्या आकड्यापाशी थांबायला हवं. ११ ओळींसाठी आठ लाख चाळल्या. गाव आणि गट या दोन रकान्यांवर इंडेक्स असता तर इंडेक्सची तीन पानं आणि टेबलची जास्तीत जास्त ११, मिळून १४ पानांत काम झालं असतं. १६,००० आणि १४. हे अंतर सर्व्हर नवा घेऊन भरून निघत नाही.

त्याच हिशोबात कॉस्ट २८,००० दिसेल. ती कुठून आली तेही मोजता येतं. क्रमानं वाचलेल्या पानाची किंमत १ धरलेली आहे, म्हणून १६,०००. प्रत्येक ओळ हाताळायला ०.०१, म्हणजे ८,०००. प्रत्येक ओळीवर दोन अटी तपासायच्या, एकेकीला ०.००२५, म्हणजे ४,०००. बेरीज २८,०००. शिकाऊ माणूस हमखास याला मिलिसेकंद समजतो आणि क्वेरीला २८ सेकंद लागतात असं लिहून टाकतो. कॉस्टचा घड्याळाशी संबंध नाही. तिचं एकक एक पान आहे, आणि ती सेलिंजर यांच्या १९७९ च्या सूत्राची थेट नात आहे. एकाच प्रश्नाच्या दोन वाटांची तुलना करण्यापुरतीच ती उपयोगी.

इथे एक फसगत आमच्या भागात वारंवार पाहायला मिळते. गट क्रमांक हा क्रमांक असला तरी आकडा नसतो. २१४/२ असतो, २१४/अ असतो, म्हणून रकाना अक्षरांचा ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. पण प्रोग्राम लिहिणारा अवतरणचिन्ह न लावता नुसतं २१४ लिहितो. पोस्टग्रेस अशा वेळी चूक दाखवून थांबतं. मायएसक्यूएल थांबत नाही. ते प्रत्येक ओळीतल्या अक्षरांचा आकडा करून बघतं, आणि त्यामुळे इंडेक्स असूनही सगळं टेबल चाळतं. वर २१४/२ देखील २१४ म्हणून उत्तरात येऊन बसतो. इंडेक्स आहे, उत्तरही येतं आहे, पण तपासलेल्या ओळी लाखांत आहेत, असं दिसलं की आधी रकान्याची जात पाहावी.

दुसरी गोष्ट पाटलांची. आडनावावर इंडेक्स केला, पाटील शोधले, आणि यंत्रानं इंडेक्स बाजूला ठेवून सगळं टेबल वाचलं. नवा माणूस चिडतो. पण यंत्राचं बरोबर आहे. समजा, आठ लाखांपैकी चौथा हिस्सा पाटील आहेत. म्हणजे दोन लाख ओळी १६,००० पानांवर विखुरलेल्या, दर पानावर सरासरी साडेबारा. पाटील नाही असं पान सापडणं कठीण. सगळीच पानं उघडायची असतील तर खतावणीतून एकेक पत्ता काढत मागेपुढे उड्या मारण्यापेक्षा कीर्द सरळ वाचलेली स्वस्त. पोस्टग्रेस अशी उडी मारून वाचलेल्या पानाची किंमत ४ धरतं आणि सरळ वाचलेल्याची १. तेच तुरळक आडनाव असेल तर तोच इंडेक्स लगेच वापरला जातो. हा फरक यंत्राला कळतो, कारण ते मधूनमधून टेबलचा नमुना घेऊन कुठलं मूल्य किती वेळा येतं याची यादी करून ठेवतं. ती यादी शिळी झाली की अंदाज चुकतात. म्हणून हिशोबात अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी शेजारी छापलेल्या असतात. १२ चा अंदाज आणि ११ मिळाल्या, तर ठीक. १२ चा अंदाज आणि ९०,००० मिळाल्या, तर वाट चुकीची निवडली गेली असण्याची शक्यता मोठी, आणि बहुधा रात्रीतून मोठी भर पडलेल्या टेबलची यादी ताजी झालेली नसते.

सातारा-सांगलीचा स्वतःचा एक दाखला इथेच सांगून टाकतो. १९४९ मध्ये साताऱ्याचे काही तालुके आणि सांगली, मिरज, जत ही विलीन झालेली संस्थानं एकत्र करून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. वाळवा किंवा तासगावचा जुना कागद शोधायचा तर आधी साल विचारावं लागतं, कारण सालावर जिल्हा ठरतो आणि जिल्ह्यावर दफ्तर. मोठं टेबल सालवार तुकड्यांत ठेवतात तेव्हा अगदी हेच होतं. प्रश्नात साल असेल तर यंत्र एक तुकडा उघडतं. साल नसेल तर सगळे तुकडे उघडतं, आणि तुकडे केल्यानं कष्ट उलट वाढलेले दिसतात.

आता दुसरं घराणं. त्याचा मूळपुरुष डेटाबेसवाला नव्हता. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी काम करणाऱ्या आग्नर एरलांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनीच्या कॉलचं गणित मांडलं. पुढे त्यांनी आणि इतरांनी रांगांचं शास्त्र उभं केलं. आपल्याकडे ज्यांनी गळीत हंगामात कारखान्याचं यार्ड पाहिलं आहे त्यांना ते वेगळं शिकवावं लागत नाही. कारखाना सांगतो, आज इतके टन गाळप झालं. वाळवा-कराड पट्ट्यातला गाडीवान सांगतो, वजनकाट्यापासून गव्हाणीपर्यंत इतके तास उभा होतो. दोघंही खरं बोलतात, आणि एका आकड्यावरून दुसरा काढता येत नाही. कारखाना पूर्ण क्षमतेच्या जितका जवळ चालेल तितकं गाळपाचं गणित सुंदर दिसतं आणि रांग वाढते. साध्यात साध्या रांगेचं सूत्र असं आहे: यंत्र निम्मं गुंतलेलं असेल तर एकूण वेळ प्रत्यक्ष कामाच्या दुप्पट, ८० टक्के गुंतलेलं असेल तर पाचपट, ९० टक्के असेल तर दहापट. सकाळी ८० टक्क्यांवर बरा चाललेला सर्व्हर अकरा वाजता ९० वर गेला आणि सगळे फोन वाजू लागले, यात यंत्र बिघडलेलं नसतं.

माणूस किती थांबेल याचा विचार आयबीएमच्या रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये मांडला. संवादासारखं काम चाललं असेल तर दोन सेकंदांहून जास्त थांबल्यावर विचाराचा धागा तुटतो, असं त्यांचं म्हणणं. पण डेटाबेसमध्ये हे माप आलं ते बँकेच्या खिडकीतून, आणि म्हणून मला ही कडी फार जवळची वाटते. १९७३ मध्ये एका मोठ्या अमेरिकन बँकेला १,००० शाखा, १०,००० रोखपाल आणि १ कोटी खाती एकाच यंत्रणेवर आणायची होती. त्या गरजेतून निघालेली चाचणी जिम ग्रे यांनी बऱ्याच सहकाऱ्यांची मतं घेऊन १ एप्रिल १९८५ च्या डेटामेशन मासिकात छापली. नाव न घालता. अट अशी: सेकंदाला किती व्यवहार झाले हे सांगा, पण त्यांतले ९५ टक्के व्यवहार एका सेकंदाच्या आत पुरे झाले असतील तरच. कारखान्याचा आकडा आणि गाडीवानाचा आकडा एकत्र बांधले गेले ते इथे. १९८८ मध्ये अशा चाचण्यांसाठी टीपीसी ही संस्था निघाली.

सरासरी का नाही, याचं उत्तर साध्या बेरजेत आहे. १०० व्यवहारांपैकी ९० वीस मिलिसेकंदांत झाले आणि १० ना चार सेकंद लागले, तर सरासरी साधारण ४२० मिलिसेकंद येते. तितका वेळ त्या शंभरांतल्या एकालाही लागलेला नाही. पंच्याण्णवावं शतमान, म्हणजे ज्याच्या आत ९५ टक्के व्यवहार उरकतात तो वेळ, चार सेकंद सांगतं, आणि खिडकीपाशी उभा राहून वैतागलेला खातेदार त्या चार सेकंदांत सापडतो.

आपल्याकडे हीच वाट थोडी मागून आली. सांगली बँक १९१६ ची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ ची. त्यांची खाती लेजरमध्ये, आणि लेजर त्या त्या शाखेच्या कपाटात. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर देशभर बँकांच्या शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रं येऊ लागली. त्यातही शोध शाखेपुरताच असायचा. कोअर बँकिंगमध्ये सगळ्या शाखांची खाती एका टेबलात आली. युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये आणि सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. आज जी पतसंस्था किंवा सहकारी बँक शाखानिहाय प्रणालीवरून एका सामाईक प्रणालीवर जाते, तिच्या तंत्र-विभागातल्या माणसाला हा बदल आकड्यांत भेटतो. शाखेत पाच हजार खाती चाळणारी क्वेरी कुणाला खुपत नव्हती. तीच क्वेरी, एक अक्षर न बदलता, आता पाच लाख खाती चाळते.

ही दोन घराणी बराच काळ एकमेकांशी बोलली नाहीत, आणि मधल्या काळात एका आकड्याचं फार स्तोम माजलं. कॅशमधून मिळालेल्या पानांची टक्केवारी. ती नव्वदीच्या वर असली की डेटाबेस सांभाळणारा निश्चिंत. पण एखादी वाईट क्वेरी तीच तीच हजारो पानं स्मृतीतून पुन्हापुन्हा वाचत असेल, तर ही टक्केवारी ९९ च्या वर जाते आणि प्रोसेसर मात्र घामाघूम झालेला असतो. कॉनर मॅकडॉनल्ड यांनी एक छोटा प्रोग्रामच लिहून दाखवला: हवी ती टक्केवारी सांगा, तो निरर्थक वाचनं करून ती आणून देतो. त्यानंतरही हा आकडा कित्येक कचेऱ्यांच्या मासिक अहवालात पहिल्या ओळीत असतो. तो काढून टाकावा असं मी म्हणणार नाही, पण पहिल्या ओळीत त्याला जागा नाही.

मेळ बसला तो वाट पाहण्याची कारणं नोंदायला लागल्यावर. ओरॅकलच्या सातव्या आवृत्तीत, १९९२ च्या सुमारास, प्रत्येक थांब्याची नोंद होऊ लागली: डिस्कसाठी थांबला, लॉकसाठी थांबला, नेटवर्कसाठी थांबला. १९९९ मध्ये अनियो कोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर पद्धत उभी केली, आणि २००३ मध्ये केरी मिलसॅप आणि जेफ होल्ट यांच्या पुस्तकानं ती सर्वदूर नेली. एकूण वेळ म्हणजे प्रत्यक्ष काम अधिक वाट, हे त्यांचं समीकरण. मायएसक्यूएलच्या संथ क्वेरींच्या नोंदवहीत हे चारही आकडे एका ओळीत मिळतात: लागलेला वेळ, लॉकसाठीचा वेळ, पाठवलेल्या ओळी, तपासलेल्या ओळी. मात्र मुळात नोंद दहा सेकंदांच्या वरच्या क्वेरींचीच होते, आणि खिडकीवरच्या कामाला ती मर्यादा निरुपयोगी आहे. ती खाली आणावीच लागते. एखाद्या क्वेरीनं ११ ओळी तपासून ११ पाठवल्या आणि तरी ९ सेकंद घेतले, त्यांतला बहुतेक वेळ लॉकसाठी, तर इंडेक्स घालून काही होणार नाही. कुणीतरी ती ओळ लिहायला उघडून ठेवलेली आहे. उलट ११ साठी आठ लाख तपासल्या आणि लॉकचा वेळ शून्य, तर दोष वाटेचा आहे. चार आकड्यांच्या या एका ओळीत दोन्ही घराणी शेजारी बसलेली दिसतात, आणि शिकाऊ माणसानं सुरुवात इथून करावी असं मला मनापासून वाटतं.

नंतरची भर म्हणजे स्मरण. पोस्टग्रेसमध्ये २००९ पासून पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स आहे. २०१२ पासून ते एकाच साच्याच्या क्वेरी एका नावाखाली गोळा करतं, गट क्रमांक २१४ असो की ३०. त्यात सरासरी, किमान, कमाल आहे. शतमान नाही, ते वेगळं गोळा करावं लागतं. यादी एकूण वेळानं लावून पाहावी. महिन्यातून एकदा ४० सेकंद घेणारा अहवाल सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. पण ३ मिलिसेकंदांची क्वेरी दिवसाला २० लाख वेळा चालत असेल तर ती ६,००० सेकंद खाते, म्हणजे रोजची १०० मिनिटं, आणि तिच्याबद्दल कुणीच तक्रार करत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरनं २०१६ च्या आवृत्तीत क्वेरी स्टोअर आणलं. ते कालची निवडलेली वाटही जपून ठेवतं, त्यामुळे अपग्रेडच्या रात्रीनंतर काय बदललं हे सांगता येतं.

पोस्टग्रेसचे हे आकडे शेवटचे शून्यावर आणले तेव्हापासून साचत आलेले असतात, म्हणून एका दिवसाचा आकडा हवा तर दोन वेळच्या नोंदींची वजाबाकी करावी लागते. आमच्या भागात कामाचे उंचवटे ठरलेले आहेत: पीक कर्जासाठी सात-बारा काढायची मे-जूनमधली धावपळ, पंधरवड्याची ऊसबिलं, बँकेत ३१ मार्च. नोंदी या तारखांच्या आगेमागे घ्याव्यात आणि किमान वर्षभर ठेवाव्यात. जूनच्या पहिल्या आठवड्याची तुलना मेच्या शेवटच्या आठवड्याशी करून उपयोग नाही; ती गेल्या जूनशी करावी. प्रत्येक नोंदीत क्वेरीचा साचा, किती वेळा चालली, एकूण वेळ, परत दिलेल्या ओळी आणि वाचलेली पानं एवढे पाच रकाने पुरतात. यातले पहिले चार बहुतेक जण ठेवतात. पाचवा आवर्जून ठेवावा.